सोडलेली जागा, शिल्लक राहिलेला पत्ता

एखादे वेबपान नुसते उघडल्याने संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो, हे विधान पहिल्यांदा ऐकणाऱ्यास अतिशयोक्त वाटते. फाइल उतरवून घेतलेली नाही, पासवर्ड कोणाला सांगितलेला नाही, कोणत्याही प्रश्नाला ‘होय’ म्हटलेले नाही, केवळ पान पडद्यावर आले आहे; एवढ्याने काय बिघडणार, ही शंका रास्त आहे. ब्राउझर वेबपानांना फार थोडी मोकळीक देतो हे लक्षात घेतले तर ती अधिकच रास्त ठरते, कारण पानाबरोबर आलेल्या जावास्क्रिप्टला संगणकावरील फाइली हव्या तशा वाचता येत नाहीत, दुसरा प्रोग्राम सुरू करता येत नाही आणि शेजारच्या टॅबमधील बँकेच्या पानात डोकावताही येत नाही. तरीही असे हल्ले वारंवार झालेले आहेत. त्यांतील बऱ्याच हल्ल्यांत पानाने एकही नियम उघडपणे मोडलेला नसतो. ब्राउझरला मुभा असलेल्याच गोष्टी पान करावयास लावते, परंतु त्या अशा क्रमाने की ब्राउझरचा स्वतःच्या मेमरीविषयीचा हिशेब चुकावा.

हिशेबातील या चुकीला तंत्रज्ञ ‘युज आफ्टर फ्री’ म्हणतात. मेमरीतील जी जागा काम संपले म्हणून परत करून टाकली, तीच नंतर पुन्हा आपली समजून वापरणे, एवढाच तिचा अर्थ आहे. क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०१५ पासूनच्या आपल्या नऊशेहून अधिक गंभीर सुरक्षा-दोषांची छाननी केली, तेव्हा सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतील निघाले आणि त्यांपैकी निम्मे या एकाच जातीचे होते.

जागा देणे आणि परत घेणे

ब्राउझर पान वाचतो तेव्हा पानातील प्रत्येक परिच्छेद, चित्र, दुवा आणि बटण यांच्यासाठी मेमरीत एकेक स्वतंत्र नोंद तयार करतो. अशा नोंदीला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. पानावर किती ऑब्जेक्ट लागतील हे आधी ठाऊक नसते, शिवाय ते सतत जन्मत आणि नाहीसे होत असतात. म्हणून गरज पडेल तशी जागा मागून घ्यावी आणि काम झाले की परत करावी, अशी व्यवस्था असते. मेमरीच्या ज्या भागातून ही देवघेव चालते त्याला ‘हीप’ हे नाव आहे. जागा मिळते म्हणजे प्रत्यक्षात एक आकडा मिळतो, ती जागा मेमरीत कोठून सुरू होते हे सांगणारा. हा आकडा ज्यात जपून ठेवला जातो त्याला ‘पॉइंटर’ म्हणतात, आणि एकाच ऑब्जेक्टचा पत्ता ब्राउझरच्या दहा निरनिराळ्या भागांनी आपापल्या पॉइंटरमध्ये उतरवून घेतलेला असू शकतो.

अडचण तेथेच सुरू होते. एखाद्या लॉजचा व्यवस्थापक वहीत कोणती खोली भरलेली आणि कोणती रिकामी एवढेच लिहितो. चौदा नंबरच्या खोलीतील पाहुणा आपल्या ओळखीच्या चारजणांना खोलीचा नंबर चिठ्ठीवर लिहून देतो आणि दोन दिवसांनी निघून जातो. व्यवस्थापक वहीत काट मारतो, त्याचे काम चोख झाले. परंतु चारजणांच्या खिशातील चिठ्ठ्यांवर काट मारणे त्याच्या हाती नसते, कारण चिठ्ठ्या कोणाकडे आहेत हेच त्याला माहीत नसते. संध्याकाळी त्या खोलीत दुसरा कोणी उतरतो आणि रात्री चौघांपैकी एकजण चिठ्ठी पाहून दार वाजवतो, समोर येईल त्याच्या हाती पाकीट ठेवतो. चिठ्ठीवरचा नंबर खोटा नाही, पाकीट देणाराही ठकसेन नाही. चिठ्ठी फक्त शिळी झालेली आहे. ब्राउझरमध्ये अशा शिळ्या पत्त्याला ‘डँगलिंग पॉइंटर’ म्हणतात.

बहुतेक वेळा अशा चुकीचे पर्यवसान ब्राउझर अचानक बंद पडण्यात होते आणि वापरणारा चडफडत तो पुन्हा उघडतो. चूक घातक केव्हा होते? रिकाम्या झालेल्या जागेत नंतर कोण येऊन बसेल, हे हल्लेखोराला ठरवता येते तेव्हा. इतर प्रोग्रामांच्या मानाने ब्राउझर येथे फारच दुबळा आहे, कारण जागा मागण्याची आणि सोडण्याची कळ तो आपण होऊनच परक्याच्या हाती देतो. जावास्क्रिप्टने म्हटले की ब्राउझर हजार ऑब्जेक्ट तयार करतो, त्यांतील नऊशे टाकून देतो, अमुक लांबीचा मजकूर मेमरीत ठेवतो, आणि हे सारे तो पान दाखवण्याच्या रोजच्या कामाचा भाग म्हणूनच करतो.

एका चित्राची नोंद

१२ जानेवारी २०१० रोजी गूगलने जाहीर केले की डिसेंबरच्या मध्यास आपल्या यंत्रणेवर चीनमधून हल्ला झाल्याचे आढळले असून बौद्धिक संपदेची चोरी झाली आहे, आणि अशाच हल्ल्याचे लक्ष्य ठरलेल्या इतर मोठ्या कंपन्यांची संख्या किमान वीस आहे. अडोबी कंपनीनेही त्याच दिवशी आपल्यावरील हल्ल्याची कबुली दिली. दोन दिवसांनी मॅकॅफी कंपनीने सांगितले की हल्ल्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमधील, तोवर दुरुस्त न झालेला दोष वापरला गेला होता; हल्लेखोरांच्या प्रोग्रामात सापडलेल्या एका फोल्डरच्या नावावरून या प्रकरणास ‘ऑपरेशन ऑरोरा’ हे नाव तिनेच दिले. या प्रकरणाचे राजकीय पडसाद फार गाजले आणि मार्चमध्ये गूगलने आपले चिनी शोधपान हाँगकाँगकडे वळवले. परंतु मूळ दोष इतका क्षुल्लक दिसणारा आहे की तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

हल्ल्याच्या पानात एक छोटे चित्र होते आणि ते उतरून पूर्ण झाले की एक सूचना चालवावी, असे ब्राउझरला सांगितलेले होते. चित्र उतरणे, बटण दाबले जाणे, माउस हलणे अशा प्रत्येक घटनेसाठी ब्राउझर एक ‘इव्हेंट’ नावाची नोंद करतो आणि घटना कोणत्या घटकावर घडली त्याचा पत्ता त्या नोंदीत लिहितो. येथे तो पत्ता अर्थातच चित्राच्या नोंदीचा होता. पानाने प्रथम या इव्हेंटची एक प्रत काढून ठेवली, जे करण्याची प्रत्येक पानाला परवानगी होती. लगेच दुसऱ्या सूचनेने चित्राभोवतीचा मजकूर कोरा करून टाकला. चित्र पानातून गेले, त्याच्या नोंदीची गरज संपली आणि ब्राउझरने ती जागा मोकळी केली.

वास्तविक येथे ब्राउझरने थांबायला हवे होते. एखादा ऑब्जेक्ट किती जणांनी धरून ठेवला आहे याची मोजदाद इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये होत असे. धरणारा वाढला की आकडा एकाने वाढवायचा, सोडून गेला की एकाने कमी करायचा, आणि शून्य झाला तरच जागा परत करायची, अशी ती रीत होती. परंतु इव्हेंटची प्रत काढताना पत्ता उतरवून घेतला गेला आणि आकडा वाढवायचा राहून गेला. ही एवढीच चूक! लाखो ओळींच्या प्रोग्रामातील एका वळणावर एका बेरजेचा विसर पडला, आणि प्रत काढलेल्या इव्हेंटमध्ये नसलेल्या चित्राचा पत्ता शिल्लक राहिला.

रिकामी जागा कोणी भरली

यापुढचा भाग कौशल्याचा आहे, मग ते कौशल्य कितीही निंद्य कामी लागलेले असो. पानाने आधीच दोनशे लहान टिप्पणी-घटक तयार करून ठेवले होते. चित्र पुसून झाल्यावर ५० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने, या दोनशे घटकांत नवा मजकूर भरण्यात आला आणि त्याची लांबी चित्राच्या नोंदीच्या जागेला नेमकी बसेल अशी निवडलेली होती. हीप सांभाळणारी यंत्रणा नुकतीच मोकळी झालेली आणि मापाची जागा आधी देऊन टाकते, कारण तसे करण्यात वेळ वाचतो. दोनशे मागण्यांपैकी एक तरी त्या जागेवर जाऊन बसणार, हे जवळजवळ ठरलेलेच होते.

मग पानाने इव्हेंटच्या प्रतीला विचारले की ही घटना कोणत्या घटकावर घडली. ब्राउझर जुन्या पत्त्यावर गेला. सी प्लस प्लस भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांत अशा ऑब्जेक्टच्या अगदी सुरुवातीला एका तक्त्याचा पत्ता असतो आणि त्या ऑब्जेक्टवर कोणकोणती कामे करता येतात व त्यांच्या सूचना मेमरीत कोठे आहेत हे त्या तक्त्यात लिहिलेले असते. ब्राउझर पहिले चार बाइट वाचून तक्त्याकडे जातो, तक्त्यातून सूचनांचा पत्ता घेतो आणि तेथे उडी मारतो. आता ते चार बाइट हल्लेखोराने लिहिलेल्या मजकुरातील होते, म्हणून ब्राउझर कोठे उडी मारणार हेही त्यानेच ठरवलेले होते.

ठरवलेला पत्ता दशमान पद्धतीत लिहिल्यास २०,२१,८१,६४५ असा होतो, म्हणजे मेमरीच्या आरंभापासून सुमारे १९३ मेगाबाइट अंतरावर. तेथे काय असेल याची शाश्वती कशी मिळवायची? हल्लेखोराने पानातील जावास्क्रिप्टकडून प्रत्येकी सुमारे एक मेगाबाइटचे दोनशे मजकूर आधीच मेमरीत भरून घेतले होते, जेणेकरून तो पत्ता त्यांतील एखाद्याच्या आतच पडावा. या युक्तीला ‘हीप स्प्रे’ म्हणतात. हे मजकूर भरलेले होते ते त्याच आकड्याच्या पुन्हा पुन्हा केलेल्या नकलेने, आणि प्रत्येकाच्या शेवटी हल्लेखोराच्या खऱ्या सूचना होत्या. आकड्याची निवड येथे महत्त्वाची आहे: पत्ता म्हणून वाचला तर तो भरलेल्या भागातच नेतो, आणि तेच बाइट प्रोसेसरने सूचना म्हणून वाचले तर एका निरुपद्रवी तार्किक क्रियेची सूचना निघते. त्यामुळे ब्राउझर मधल्या कोणत्याही बिंदूवर उतरला तरी प्रोसेसर त्या निरर्थक सूचना एकामागून एक पार पाडत अखेर शेवटच्या सूचनांपाशी पोचतो. तेथून पुढे ब्राउझरला जे जे करता येत होते ते ते सारे हल्लेखोराला करता येऊ लागले, कारण चालत होता तो ब्राउझरच.

जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने १५ जानेवारीस, आणि त्यापाठोपाठ फ्रान्सच्या तशाच यंत्रणेने, दुरुस्ती येईपर्यंत नागरिकांनी दुसरा ब्राउझर वापरावा असा सल्ला दिला. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या मासिक वेळापत्रकाबाहेर जाऊन २१ जानेवारीस दुरुस्ती दिली. हा दोष आदल्या सप्टेंबरपासून आपल्याला ठाऊक होता आणि तो फेब्रुवारीत दुरुस्त करण्याचे ठरले होते, हेही तिने मान्य केले. वेळापत्रक पाळण्याची ही निश्चिंतता त्या काळी सगळीकडेच होती, आणि ती मोडण्यात या प्रकरणाचा वाटा मोठा मानायला हवा.

चौकट: निवृत्त प्रणालीसाठी अपवाद
> विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि यापुढे तिच्यासाठी सर्वसामान्यांना सुरक्षा-दुरुस्ती मिळणार नाही, असे जाहीर झाले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस इंटरनेट एक्स्प्लोररच्या ६ ते ११ या सर्व आवृत्त्यांत युज आफ्टर फ्री जातीचा दोष असून त्याचा वापर करून हल्ले सुरू असल्याचे उघड झाले. १ मे रोजी दुरुस्ती आली तेव्हा कंपनीने आपलाच शब्द बाजूला ठेवून ती एक्सपीलाही दिली, कारण जगभरात त्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांची संख्या तेव्हाही प्रचंड होती.

चूक वाचून का सापडत नाही

अशा चुका निष्काळजी प्रोग्रामरांच्या हातून होतात, असा समज पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मोठ्या ब्राउझरांवर काम करणारे लोक या विषयातील निष्णात असतात. जागा मागणारी ओळ, ती परत करणारी ओळ आणि तिचा पुन्हा वापर करणारी ओळ या तिन्ही वेगवेगळ्या फाइलींत, वेगवेगळ्या माणसांनी, कित्येकदा काही वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या असतात. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचली तर तीत काहीच खोट दिसत नाही, आणि दोष प्रकट होतो तो घटना एका विशिष्ट क्रमाने घडल्या तरच. सी ही भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत तयार झाली आणि सी प्लस प्लस तिच्यावरच उभी राहिली. दोन्ही भाषांत जागा केव्हा परत करायची हे माणसाने ठरवायचे असते आणि भाषा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. वेगाच्या दृष्टीने हा विश्वास अतिशय फायद्याचा आहे. ब्राउझरसारख्या प्रोग्रामात त्याची किंमत इतरांना मोजावी लागते.

म्हणून चुका वाचण्याऐवजी चालवून शोधण्याची पद्धत रूढ झाली. ‘फझिंग’ या पद्धतीत एक प्रोग्राम रात्रंदिवस वेड्यावाकड्या रचनेची पाने तयार करून ब्राउझरला देत राहतो. त्यातून ब्राउझर कोसळलाच तर बरे, परंतु शिळा पत्ता वापरूनही तो अनेकदा कोसळत नाही. यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी ‘अ‍ॅड्रेससॅनिटायझर’ हे साधन २०१२ मध्ये पुढे आणले. ते मोकळी झालेली जागा लगेच दुसऱ्या कोणास देत नाही, तिच्यावर निषिद्ध अशी खूण करून काही काळ बाजूला ठेवते आणि कोणी तिला हात लावला की तेथल्या तेथे बोभाटा करते. या तपासणीमुळे प्रोग्रामचा वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणून ती प्रयोगशाळेत चालते, लोकांच्या संगणकावर नाही.

चूक राहील असे धरून

सगळ्या चुका सापडणार नाहीत हे मान्य झाल्यावर उरलेल्या चुका निष्फळ कशा करायच्या, याचा विचार सुरू झाला. मजकुरासाठी घेतलेल्या मेमरीतून सूचना चालवण्यास प्रोसेसरनेच नकार द्यावा, ही सोय विंडोज एक्सपीत २००४ पासून होती, परंतु इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीसाठी ती चालू नव्हती आणि ऑरोराचा हल्ला यशस्वी झाला तो त्याच आवृत्तीवर. ठिकाणे दर वेळी बदलत ठेवणे, म्हणजे कोणताही पत्ता आधीपासून सांगता येऊ नये, हा दुसरा उपाय. हल्लेखोरांनी दोन्हींवर तोडगे काढले: स्वतःच्या सूचना आणण्याऐवजी ब्राउझरच्याच सूचनांचे तुकडे हव्या त्या क्रमाने जोडायचे, आणि एखादा पत्ता फोडून देणारा दुसरा दोष सोबत वापरायचा.

मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या जून-जुलैत नेमके दुखणे पकडले. पानाच्या घटकांची मेमरी आणि मजकुराची मेमरी वेगळी केली, जेणेकरून चित्राच्या जागी मजकूर येऊन बसूच नये. शिवाय मोकळी झालेली जागा लगेच परत न करता तिचा पत्ता कोठे शिल्लक नाही ना हे पाहून मगच परत करण्याची रीत घातली. क्रोमने आपल्या पानघटकांसाठी ‘ऑइलपॅन’ नावाची कचरा-संकलन यंत्रणा आणली. जागा केव्हा परत करायची याचा निर्णय तीत माणसाकडे राहत नाही, कोणाच्याही पत्त्यात न उरलेले ऑब्जेक्ट यंत्रणाच शोधून काढते. ब्राउझरच्या उरलेल्या भागासाठी क्रोमने २०२२ मध्ये ‘मिरॅकलपॉइंटर’ ही योजना जाहीर केली. तीत पंधरा हजारांहून अधिक साधे पॉइंटर बदलून मोजदाद ठेवणारे करण्यात आले. जागा परत केली तरी एखादा पत्ता शिल्लक असल्यास ती जागा निरर्थक आकड्यांनी भरून अडवून ठेवली जाते आणि शेवटचा पत्ता पुसला गेल्यावरच नव्या मागणीला मिळते. त्या भागातील अशा दोषांपैकी सुमारे निम्मे यामुळे निकामी होतील, असा गूगलचा अंदाज होता. त्यासाठी मेमरीचा वापर थोड्या टक्क्यांनी वाढतो, आणि गूगलने तो वाढू दिला. ब्राउझर मेमरी फार खातात अशी तक्रार सदैव होत असताना घेतलेला हा निर्णय धाडसाचा म्हटला पाहिजे.

रस्ट ही भाषा याहून मुळाशी जाते. मोझिलाच्या आश्रयाने वाढलेल्या आणि मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या या भाषेत प्रत्येक जागेचा मालक एकच असतो, इतरांना ती ठराविक मुदतीसाठी उसनी मिळते, आणि मालक गेल्यानंतर कोणाकडे पत्ता उरत असेल तर प्रोग्राम तयारच होत नाही. चूक चालताना पकडण्याऐवजी लिहितानाच अडवली जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये पानाची सजावट ठरवणारा संपूर्ण भाग या भाषेत लिहिलेला होता. परंतु कोट्यवधी ओळींचा जुना ब्राउझर नव्या भाषेत उतरवणे एका पिढीत होण्याजोगे काम नाही, म्हणून रस्टचे तुकडे जुन्या इमल्यात हळूहळू बसवले जात आहेत.

चालू असलेला ब्राउझर

मार्च २०१९ मधील एका दोषाने या साऱ्याची मर्यादा दाखवली. वापरणाऱ्याने निवडलेली फाइल पानाला वाचून देणाऱ्या क्रोमच्या ‘फाइलरीडर’ या सोयीत, वाचन चालू असताना एकाच मेमरीकडे बोट दाखवणारे दोन वेगळे धारक पानाच्या हाती पडत. एक धारक दुसरीकडे सोपवून त्याची जागा मोकळी करून घेतली की दुसऱ्याकडे शिळा पत्ता उरे. पान ज्या प्रक्रियेत चालते तिला क्रोम ‘सँडबॉक्स’ नावाच्या कडेकोट मर्यादेत ठेवतो, त्यामुळे एवढ्याने संगणक हाती येत नव्हता. हल्लेखोरांनी त्याला विंडोज ७ च्या गाभ्यातील दुसऱ्या दोषाची जोड देऊन ती मर्यादा ओलांडली.

गूगलने दुरुस्ती १ मार्चला दिली आणि दोषाचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले होत असल्याचे ५ मार्चला सांगितले. क्रोमची नवी आवृत्ती संगणकावर आपोआप उतरते हे खरे. परंतु मेमरीत आधीपासून चालू असलेल्या सूचना तिच्यामुळे बदलत नाहीत. त्यामुळे अनेक टॅब उघडे ठेवून आठवडेच्या आठवडे ब्राउझर बंद न करणाऱ्यांच्या संगणकावर दुरुस्त आवृत्ती डिस्कवर पडून होती आणि काम जुनीच करीत होती. या वेळी ब्राउझर लगेच बंद करून पुन्हा उघडा, असे क्रोमच्या सुरक्षा-विभागाला मुद्दाम जाहीरपणे सांगावे लागले. त्यापूर्वीच्या क्रोमवरील अशा हल्ल्यांचे लक्ष्य बहुधा फ्लॅश हा जोडप्रोग्राम असे, आणि तो ब्राउझर चालू असतानाही गुपचूप बदलता येत असे.